वरिष्ठांची वाणी आणि कनिष्ठांचा थकवा

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



कामाने माणूस थकतो. परंतु रात्रीच्या झोपेने उतरणारा थकवा निराळा आणि उद्या कचेरीत जावयाचे या विचारानेच रविवारी सायंकाळी दाटून येणारा थकवा निराळा. या दुसऱ्या प्रकारास न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये 'बर्नआउट' म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण वा कडवटपणा आणि कार्यक्षमतेत घट. संघटना त्यास रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणते. रोग म्हटला की आपण रोग्याकडे पाहतो. येथे कचेरीकडे पाहावे लागते.

आपली आढावा बैठकच घ्या. विहिरीचे काम का रखडले, असे कनिष्ठ अभियंत्यास विचारणे हा वरिष्ठांचा अधिकार आहे, नव्हे, कर्तव्यच आहे. परंतु पन्नास सहकाऱ्यांपुढे उभे करून त्याची अक्कल काढण्याचा अधिकार कोणत्याही नियमाने दिलेला नाही. असा माणूस लगेच काम टाळू लागत नाही. तो प्रथम खरे सांगणे सोडतो. तक्त्यातील रकाने वेळेवर भरतात आणि कोरडी विहीर कागदावर पूर्ण होते. पुढे हाच माणूस दाराशी आलेल्या शेतकऱ्यावर खेकसतो. मुख्याध्यापकांनी वर्गासमोर अपमानिलेल्या शिक्षकाचेही असेच होते. (शाळेत जाऊन शिक्षकास दरडावणाऱ्या पंचायत सदस्यांनी स्वतःस यातून वगळू नये!)

मग कनिष्ठ बोलत का नाही? कारण त्याचा गोपनीय अहवाल त्याच वरिष्ठांच्या हाती असतो. पूर्वी सामान्यतः प्रतिकूल शेरेच कळविले जात. देव दत्त यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्णय दिला, की अहवालातील प्रत्येक नोंद संबंधितास कळविली पाहिजे, म्हणजे त्यास तिच्याविरुद्ध निवेदन करता येईल. कागदावरच्या शेऱ्याचे असे झाले. तोंडी शेऱ्याची मात्र कोठेच नोंद नसते, आणि माणूस खचतो तो बहुधा त्यानेच.

म्हणून दोष दाखवावयाचा तो आपल्या दालनात दाखवावा आणि कामापुरता दाखवावा. शिवाय बैठकीच्या इतिवृत्तात कनिष्ठाने सांगितलेली अडचणही लिहावी. विहिरीस खडक लागला असेल, तर तसे लिहावे. सध्या तेथे 'कामास गती द्यावी' एवढेच वाक्य आढळते.