उन्हाळ्यात पुस्तक मिटू नका

(साक्षरता वर्गाच्या समारोपाचे भाषण)



आज तुमचा वर्ग पुरा झाला. प्रत्येकाने फळ्यावर आपले नाव लिहिले. ते पाहून आम्हाला फार आनंद झाला. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. हेडमास्तर होऊन निवृत्त झालो, आणि आता पुण्यात राहतो. तुम्हाला शाबासकी तर देतोच, पण एक धोकाही सांगतो.

विळा वापरात असला तर धार राहते. आढ्याला टांगून ठेवला तर गंजतो. अक्षरांचेही तसेच आहे.

आमच्याच चुकीची गोष्ट ऐका. एका गावी आम्ही रात्रीचा वर्ग चालवत होतो. एक मावशी रोज यायच्या. फाल्गुनात त्या पाटीवर वाक्य लिहू लागल्या, छोटी पुस्तके वाचू लागल्या. मग उन्हाळा आला. वर्ग बंद झाला. शाळेच्या कपाटात पुस्तके होती. एखादे हरवेल, मोजणीत कमी भरेल, या भीतीने आम्ही कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली खिशात घालून गावी गेलो.

जूनमध्ये मावशी भेटल्या. म्हणाल्या, "गुरुजी, अक्षरं ओळखीची वाटतात, पण बोलत नाहीत." त्या आठवड्यात एका कागदावर त्यांनी पुन्हा अंगठा उठवला होता. आम्ही म्हटले, "परत शिकवतो." त्या म्हणाल्या, "आता पेरणी आली." त्या परत वर्गाला आल्या नाहीत. आणि कपाट उघडले तर काय! खालचा सारा खण वाळवीने खाल्लेला. लोकांना दिली असती तर एखाद-दुसरे पुस्तक गेले असते. कुलपात ठेवली म्हणून खणभर गेली. हे आम्हाला अजून सलते.

आता पुण्याचे सांगतो. तिथे बुधवार पेठेत, लक्ष्मी रस्त्यावर, पुणे नगर वाचन मंदिर आहे. ते १८४८ साली निघाले. तेव्हा त्याचे नाव पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी असे होते. ते काढण्यात लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, यांचा पुढाकार होता. त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. तुमचा हा वर्ग त्याच वाटेवरचा आहे.

वाचनालयात जायला भिऊ नका. नाव आणि पत्ता लिहून अर्ज द्यायचा. थोडी अनामत ठेवायची, ती सभासदत्व सोडताना परत मिळते. मग ठरलेली वर्गणी भरायची. पुस्तक घरी न्यायचे, आणि दिलेल्या तारखेच्या आत आणून द्यायचे. उशीर झाला तर दंड पडतो, एवढेच.

उन्हाळ्यात पुण्यात आणखी एक गोष्ट होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ऐन एप्रिल-मे महिन्यात, संध्याकाळी लोक जमतात आणि जाणत्या माणसांची भाषणे ऐकतात. कोणी शेतीवर बोलतो, कोणी आरोग्यावर, कोणी कायद्यावर. ऐकले की प्रश्न पडतो. प्रश्न पडला की माणूस पुस्तक शोधतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे शहरात ठीक. आमच्या गावात काय?" तर सातारा जिल्ह्यातले भिलार बघा. पाचगणीजवळचे, स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव. २०१७ च्या मे महिन्यात ते 'पुस्तकांचे गाव' झाले. गावकऱ्यांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली. कोणीही यावे, बसावे, वाचावे.

आपण लहान सुरुवात करू. रब्बी निघाली आहे. मृगाला अवकाश आहे. लग्ने आहेत, जत्रा आहे, पाण्याची ओढ आहे, हे आम्ही जाणतो. पण रोज अर्धा तास काढता येईल. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने वाचावे. अडले तर हसू नये, सांगावे. पोरांना सुट्टी आहे, त्यांनाही बसवा. आजीने नातवाला वाचून दाखवावे, नातवाने आजीला. वर्तमानपत्र वाचा, एसटीची पाटी वाचा, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचा. मोबाइलवर आलेला निरोप आधी स्वतः वाचा, मग दुसऱ्याला विचारा.

आम्ही आज एक पेटी आणली आहे. तिच्यात पंचवीस पुस्तके आहेत आणि एक वही. पुस्तक नेणाऱ्याने वहीत आपल्या हाताने नाव आणि तारीख लिहावी. परत आणले की सही करावी. अंगठा चालणार नाही!

पेटीला कडी आहे, कुलूप नाही. पहिला पाऊस पडला की आम्ही परत येऊ आणि वही बघू. पुस्तके फाटलेली, मळलेली दिसली तरी रागावणार नाही. कोरी दिसली, तर मात्र वाईट वाटेल.

चला, पहिले नाव कोण लिहिते?