अक्षरे चार की सहा?

‘नागपूर’ या शब्दात अक्षरे किती? शाळकरी पोरही चार म्हणेल. संगणक मात्र काना आणि दीर्घ उकार निराळे धरतो. युनिकोडच्या हिशेबी ती सहा चिन्हे होतात. केन टॉमसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे एकूण १८. रोमन लिपीत त्याच नावास ६ पुरतात.

आता रोमनच्या मापाने कोणी नावाच्या रकान्यास २० बाइटच दिले, तर ‘लक्ष्मीबाई’ ३० बाइटांची! तिची ‘लक्ष्म’ होते आणि मागे २ बाइटांचा मोडका तुकडा उरतो. असे नाव दाखल्यावर उमटले, तर निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर त्या म्हातारीस ‘ही तुम्हीच कशावरून?’ असे ऐकावे लागेल.

म्हणून आम्ही आज्ञावली लिहिणाऱ्यांनी चाचणीस ‘राम’ घेऊन भागणार नाही. जोडाक्षरांचे नाव घ्यावे. रकान्याचे माप अक्षरांवरून ठरवावे, आणि तोडणे भागच पडले तर अक्षर संपते तेथेच तोडावे. यंत्र कसेही मोजो. माणसाचे नाव पुरे उमटावे, ही जबाबदारी आमची आहे.