लेकरांच्या तोंडी नाम



दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून दोन शब्द बोलायची सेवा माझ्याकडं आली. मी चौथी शिकलेला माणूस. बाकीचं शिक्षण नांगरामागं आणि विण्यामागं झालं. मंडळी म्हणाली, बुवा, लेकरांच्या संस्कारावर बोला. संस्कार हा शब्द मोठा आहे, मला त्याची धास्तीच वाटते. मी आपलं एवढंच सांगणार, की लहान लेकराला देव जवळचा कसा वाटतो आणि मोठी माणसं त्यात कुठं घाई करतात.

लेकराला नाम शिकवायला बसू नका. ते कानावर पडू द्या. दोन वर्षांचं पोरगं आजीच्या मांडीवर बसून हरिपाठाला टाळ्या वाजवतं. अर्थ कळतो का त्याला? नाही कळत. आमची आई पहाटं जात्यावर ओव्या म्हणायची, तवा आम्हाला तरी कुठं कळत होता? जातं घरघरायचं, पीठ पडायचं, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की झोप लागायची. मांडीची ऊब आणि देवाचं नाव ही दोन्ही एका दोऱ्यानं शिवली जातात बघा. पुढं चाळीस वर्षांनी माणूस दवाखान्यात एकटा पडला आणि तोंडात नाम आलं, की त्याबरोबर ती मांडीबी येते. म्हणून मोबाईलवर हरिपाठ लावून पोराला पुढं बसवलं तर पाठ होईल, चांगलं पाठ होईल, पण मोबाईलला मांडी नाही.

आपण शेतकरी माणसं. पाऊस झाला म्हणून कुणी लगेच कुरी धरत नाही. रान चिखल असताना पेरलं तर बी कुजतं, वाळल्यावर पेरलं तर उगवत नाही. वापसा यावा लागतो. लेकराच्या मनालाबी वापसा असतो. नुकतंच मार खाऊन रडतंय, भुकेलंय, झोपेनं पेंगतंय, आणि आपण म्हणतो "हात जोड, म्हण!" ते म्हणंल, पण ते बी कुजलं. जेवण झालंय, अंथरूण पडलंय, दिवसभराचं गाऱ्हाणं सांगून झालंय, ती वेळ धरा. आणि पेरल्यावर रोज उकरून बघू नका, "आज किती अभंग पाठ झाले?" म्हणून.

नाचायचं असलं तर नाचू द्या. हरिपाठाच्या पावल्या लेकरांना मोठ्यांपेक्षा लवकर येतात. वारीत फुगडी घालणारं पोर देवाला भीत नाही.

आता भीतीचं सांगतो, कारण याचा मला राग आहे. "खोटं बोललास, आता देव डोळे फोडील. जेवला नाहीस, देव बाप्पा मारील." असं पुष्कळ घरांत बोलतात. अहो, आपल्या पांडुरंगाकडं बघा तरी. त्याचे हात कमरेवर आहेत. मारायला उगारलेला हात त्याच्याकडं नाही. संतांनी त्याला विठाई म्हटलं, ज्ञानोबारायांना आपण माऊली म्हणतो. आईचा बागुलबुवा करून लेकराला दाखवल्यावर, रात्री घाबरलेलं ते लेकरू जाईल कुणाकडं?

दुसरं, परीक्षेचं. मार्च आला की आया पोरं घेऊन येतात, "बुवा, डोक्यावर हात ठेवा, मार्क पडू द्या." मी हात ठेवतो. पण पोराला सांगतो, बाळा, गणित सोडवल्यानं सुटतं. नाम घेतल्यानं छातीतली धडधड कमी होते, तेवढं घे आणि पेपर लिही. ताप आला तर आधी डॉक्टर, मग अंगारा. हे लहानपणी सरळ सांगितलं नाही, तर पुढं देवावर खोटी उधारी चढते.

ती कशी चढते ते एका पोराकडून मला कळलं. आमच्या भावकीतलं, आठ वर्षांचं. बाप दवाखान्यात होता, तवा कुणीतरी पोराला सांगितलं, रोज हरिपाठ म्हण, तुझा बाप बरा होईल. पोरानं एक दिवस चुकवला नाही. बाप गेला. दहाव्याला बायका म्हणाल्या, "चांगली माणसं देवाला आवडतात, म्हणून नेलं." सांगणारीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवसापासून पोरगं आईचा पदर सोडंना. चार दिवसांनी मला म्हणालं, "बाबा, माझी आईपण चांगली आहे."

सांगा आता, काय बोलायचं?

मी त्याला एवढंच म्हणालो, ते बोलणं खरं नाही. देव चांगली माणसं पळवून नेत नाही. तुझा बाप आजारानं गेला, आणि तुझ्या म्हणण्यात काही कमी पडलं नव्हतं. मग ते म्हणालं, "मला विठोबाचा राग आलाय." मी म्हणालो, तर भांड त्याच्याशी. नामदेवराय भांडले, जनाबाई भांडली. तुकोबारायांची बायको आणि पोरगं दुष्काळात गेलं, त्यांनीबी देवाला कमी सुनावलं नाही, त्यांच्या गाथ्यात ते सगळं आहे. भांडायला माणूस जवळचाच लागतो.

पुढं बरेच महिने पोरानं टाळ धरला नाही. हरिपाठाला देवळात यायचं आणि पायरीवर बसून राहायचं. धर म्हणून आम्ही कुणी म्हटलं नाही, फक्त शेजारी जागा ठेवायचो. कार्तिकात काकडा सुरू झाला, तवा एका पहाटं आपणहून आत येऊन बसलं. "माझा बाप का गेला" हे मला अजून विचारतं. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि नाही असं मी त्याला सांगितलंय.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार लेकरंच होती की. आई-बाप गेलेली, गावानं टाकलेली. ज्ञानदेव मनाला लागून ताटी लावून आत बसले, तवा समजूत काढायला कोण आलं? सगळ्यांत धाकटी मुक्ताई. म्हणून लेकरू तुमच्याजवळ येऊन "आजोबा, रडू नका, रामकृष्णहरी म्हणा" असं म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका, म्हणा त्याच्याबरोबर. आणि मुक्ताईचं नाव घेणाऱ्यांनी पोरींच्या हातात पखवाज द्यायला का कचरावं, हे मला कळलेलं नाही.

रात्री लाईट गेली, लेकरू दचकून उठलं, तर "भितोस काय, पोरासारखा पोर" असं म्हणू नका. हात धरा. श्वास घेताना रामकृष्ण, सोडताना हरी, असं सावकाश त्याच्याबरोबर चार-पाच वेळा म्हणा. मग दिवा लावा आणि खुंटीवरचं घोंगडं दाखवा, म्हंजे ज्याला ते भ्यालं ते काय होतं तेबी कळंल.

आपल्या देवळाच्या पेटीत लहान टाळांचे जोड आणून ठेवलेत. मोठे टाळ लेकरांच्या बोटाला रुततात, म्हणून हलके बघून घेतले आणि दोऱ्या आखूड केल्या. ज्यांच्या घरी लहान आहे त्यांनी जाताना एक जोड घेऊन जावा. वारीला निघताना तो त्याच्याच पिशवीत घाला.

रामकृष्णहरी.