पीक नोंदविताना अ‍ॅप बंद पडले तर



सातबारावर पिकाची नोंद करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्यांच्या हाती होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद शेतकरी स्वतः करू लागला. अंबड-घनसावंगीचे मोसंबी बागायतदार असोत वा भोकरदन-जाफ्राबादचे कापूस, सोयाबीन उत्पादक असोत, हमीभावाची खरेदी, पीक कर्ज व नुकसानभरपाई यांसाठी त्यांना हीच नोंद उपयोगी पडते. म्हणून मुदत सरत आली असता अ‍ॅप उघडताक्षणीच बंद पडू लागले, तर जीव कासावीस होणे स्वाभाविक आहे.

अशा वेळी प्रथम दोष कोठे आहे ते पाहावे. पडद्यावर नुसते चक्र फिरत असेल, तर रेंज अपुरी असते किंवा सर्व्हरवर भार असतो. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. अ‍ॅपच मिटत असेल, तर फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. जुने व्हिडिओ काढून साठवणुकीस जागा करावी. प्ले स्टोअरवरून अ‍ॅप अद्ययावत करावे. कॅमेरा व लोकेशन यांची परवानगी तपासावी.

एवढ्यावरही अडचण राहिल्यास सेटिंग्जमध्ये जाऊन ‘क्लिअर कॅशे’ करावे. त्याने केवळ तात्पुरती माहिती जाते. मात्र ‘क्लिअर डेटा’ करण्याची किंवा अ‍ॅप काढून टाकण्याची घाई मुळीच करू नये. रेंज नसताना शिवारात घेतलेली नोंद व छायाचित्र अपलोड होईपर्यंत फोनमध्येच असते. ते पुसले गेल्यास पुन्हा शेत गाठावे लागते. तेव्हा आधी अपलोड, मग दुरुस्ती, हा क्रम ध्यानी ठेवावा.

कित्येकदा दोष आपला नसतो आणि त्या अ‍ॅपचाही नसतो. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या ‘वेबव्ह्यू’ या घटकात बिघाड होऊन जगभर अनेक अ‍ॅप्स बंद पडू लागली होती. तो घटक अद्ययावत होताच ती पूर्ववत चालू झाली.

तरीही मार्ग न निघाल्यास स्वस्थ बसू नये. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. तेव्हा शेजाऱ्याचे साहाय्य घ्यावे किंवा मुदतीपूर्वीच ग्राम महसूल अधिकाऱ्यांस भेटावे. गावातील सुशिक्षित तरुणांनी याकामी वडीलधाऱ्यांना हात द्यावा, ही विनंती.