वजनकाट्याला न दिसणारा ऱ्हास



अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आरोग्यसेवकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षांनी व्यवसायाच्या सगळ्या प्रश्नांचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. आज मी तो बाजूला ठेवतो आणि एकाच प्रश्नावर बोलतो. तो आपल्या प्रत्येकाच्या ओपीडीत रोज येतो, पण केसपेपरवर क्वचितच लिहिला जातो.

सत्तरीच्या एखाद्या आजी दार धरून आत येतात. अंगाने भरलेल्या, पोट सुटलेलं, हातापायाला सूज नाही. बसताना धपकन बसतात, उठताना टेबलाला हात लावतात. म्हणतात, "डॉक्टर, अंग लई सुटलंय, पण पायात जीव न्हाई." आपण वजन करतो, साखर तपासतो, गुडघ्याचा एक्स-रे काढतो, कॅल्शियम लिहून देतो आणि सांगतो, "आजी, वजन कमी करा, रोज फिरत जा." आजींनी मात्र आपलं निदान दाराशीच सांगितलेलं असतं. चरबी वाढते आहे आणि तिच्या आड स्नायू झिजत आहेत. अशा माणसाला गावात कोणी अशक्त म्हणत नाही, खात्यापित्या घरचं म्हणतात. हाडकुळ्या म्हाताऱ्याचा अशक्तपणा दिसतो तरी. स्थूल माणसाचा दिसतच नाही आणि तो पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

वयाबरोबर होणाऱ्या या स्नायूऱ्हासाला अमेरिकेतले आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस सार्कोपेनिया हे नाव दिलं. पन्नाशीनंतर पायांचे स्नायू वर्षाला साधारण एक ते दोन टक्क्यांनी घटतात, ताकद त्याहूनही वेगाने. झटकन उठायला, तोल सावरायला लागणारे जलद तंतू आधी जातात. स्थूलपणा सोबत असेल तर चरबी स्नायूंच्या आतही शिरते, शरीरात मंद दाह चालू राहतो, इन्शुलिनचं काम बिघडतं आणि हालचाल कमी झाल्यामुळे चरबी आणखी वाढते. यंत्रणेबद्दल इतकंच पुरे. आपल्यापुढचा प्रश्न हे आपल्या माणसांच्या बाबतीत एवढं का घडतं, हा आहे.

त्याच्या उत्तराचा एक भाग शेजारच्या पुणे जिल्ह्यात सापडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं बारीक होती, पण त्यांच्यात कमी होते ते प्रामुख्याने स्नायू. चरबी बऱ्यापैकी टिकून होती. 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय 22.3, तंतोतंत सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाट्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हे छायाचित्र टेबलाच्या काचेखाली ठेवावं. आपण मुळातच कमी स्नायूंचं भांडवल घेऊन जन्माला येतो. म्हातारपणी ते खर्च होऊ लागतं तेव्हा शिल्लक लवकर संपते. देशभरात केलेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यात दर शंभर प्रौढांपैकी जवळपास 40 जणांचं पोट सुटलेलं आढळलं. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 45 लाखांचा होता आणि राज्यात साठीपुढची माणसं शंभरात दहाच्या आसपास होती. त्याच हिशोबाने धरलं तरी साडेचार लाख माणसं होतात.

आता आपल्या मातीकडे येतो. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं तेव्हा या जिल्ह्याचं दुखणं उपासमारीचं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. त्यांनी मुलांची वजनं केली, बाळंतपणं सांभाळली. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मधल्या काळात 1972 चा दुष्काळ येऊन गेला. त्या वर्षी पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या रोजगाराच्या कामांवर वीस-बावीस वर्षांच्या बायका दिवसभर खडी फोडत होत्या आणि वाट्याला आलेली सुकडी लेकरांना देत होत्या. त्याच आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. ज्या हातांनी खडी फोडली त्या हातांना आज बाटलीचं झाकण उघडत नाही. त्यांचं तारुण्य अर्धपोटी गेलं, बाळंतपणं एकामागोमाग एक झाली, आणि साठीनंतर घरात थोडं बरं आलं ते चहा, साखर, बिस्किट आणि बसायला खुर्ची या रूपाने. स्नायू कमावण्याच्या वयात त्यांना पुरेसं खायला नव्हतं. आज घरात खायला आहे, पण त्यात स्नायूंना लागतं ते फारसं नाही.

मला जुने दिवस परत नको आहेत. जातं, मुसळ आणि खोल विहिरीवरची पाणी शेंदण्याची दोरी यांनी बायकांचे गुडघे आणि कंबरा मोडल्या. गिरणी, नळ, मिक्सर, गॅस आले ते चांगलंच झालं. कमोडवर बसणाऱ्या आजोबांना उकिडवं बसायला लावण्याचा हट्टही नको. पण त्या कष्टांबरोबर दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरून उठणं, ओझं उचलणं, पिळणं, ढकलणं हेही गेलं, आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. त्यात घरच्यांच्या मायेची भर. मुलाला नोकरी लागली, सून समंजस आली, की पहिली गोष्ट होते ती म्हणजे सासूच्या हातातलं काम काढून घेणं. "आत्या, तुम्ही बसा आता निवांत." हा मान आहे, प्रेम आहे, आणि स्नायूंना तो फार महाग पडतो.

ताटाकडे जरा सावकाश बघू. ज्येष्ठांना वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2013 मध्ये सुचवलं. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर प्रमाण वेगळं. उंचीला साजेसं वजन 60 किलो धरलं तर 60 ते 72 ग्रॅम होतात. आता आपल्या आजींचा दिवस मोजा. तीन बाजरीच्या भाकरींतून वीसेक ग्रॅम, पातळ आमटीतून चार-पाच, दोन-तीन कप चहातल्या दुधातून तीन-चार. गणित तिशीच्या आसपास थांबतं. त्यात सोमवार, गुरुवार आणि एकादशी. उपवासाला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळपास शून्य. सोबत शेंगदाण्याचं कूट पडतं तेवढाच आधार.

हे कुठे घडतं आहे? दूध संकलनात राज्यात आघाडीवर असलेल्या जिल्ह्यात. संगमनेर, राहाता, राहुरी, नेवाशाच्या गोठ्यांतून सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला चहापुरतं उरतं. एक पेला दुधात सहा ते सात ग्रॅम प्रथिनं असतात. हुलग्यात शंभर ग्रॅमला सुमारे 22, मटकीत 20 च्या घरात, शेंगदाण्यात 23-24. हुलग्याचे शेंगोळे हा आपल्याकडचा पदार्थ आहे. हॉटेलात तो पाहुण्यांना हौसेने खिलवला जातो आणि घरात मात्र आठवण काढली तर होतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपलं, त्याबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बियाण्यात वाल आणि इतर कडधान्यंही आहेत. डब्यातल्या पावडरी लिहून देण्याआधी आपण ही कडधान्यं लिहून द्यावीत. अंडं चालत असेल तर अंडं. आणि प्रथिनं एकाच जेवणात नकोत, तिन्ही वेळा थोडी थोडी हवीत.

पण नुसत्या खाण्याने स्नायू वाढत नाहीत, आणि नुसतं फिरूनही नाहीत. डेनिस व्हिलारिअल यांच्या गटाने 65 वर्षांपुढच्या स्थूल माणसांवर केलेले दोन प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात. 2011 च्या प्रयोगात 107 जण होते आणि तो वर्षभर चालला. ज्यांनी फक्त आहार कमी केला त्यांचं वजन उतरलं, पण चरबीविरहित भारही 5 टक्क्यांनी घटला. आहाराबरोबर व्यायाम केलेल्यांचा 3 टक्क्यांनी. 2017 मध्ये 160 जणांवर पुढचा प्रयोग झाला. व्यायाम करणाऱ्या सगळ्या गटांनी वजन कमी केलं. कोणी चालण्यासारखा व्यायाम केला, कोणी वजनं उचलली, कोणी दोन्ही केलं. शारीरिक क्षमता दोन्ही करणाऱ्यांची 21 टक्क्यांनी वाढली, एकेकच करणाऱ्यांची 14 टक्क्यांनी. "रोज फिरा" हा सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते आणि साठी-सत्तरीचे वारकरी तिच्याबरोबर चालतात. त्यांच्या हृदयाला आणि मनाला त्याचा लाभ होतो. तरी खुर्चीतून उठण्याची ताकद त्यांना वेगळी कमवावी लागेल.

आता उशीर झाला, असंही कोणी म्हणू नये. 1990 मध्ये मारिया फियाटारोन यांनी नव्वदीतल्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. आपल्याला तर हे शास्त्र परकंही नाही. 2025 च्या सुरुवातीला याच शहरात महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली. गावोगाव तालमी आहेत, जोर-बैठका आहेत. बैठक म्हणजे मांडीच्या स्नायूंचा पूर्ण व्यायाम. पण तालमीने तो तरुण पुरुषांपुरता ठेवला. म्हाताऱ्यांना आणि बायकांना तिचं दार कधी उघडलंच नाही. खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, टाचा उचलणं, दोन हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या: ही त्यांची तालीम मंदिराच्या सभामंडपात आठवड्यातून दोन-तीनदा भरू शकते.

दोन धोके मला इथे सांगितलेच पाहिजेत. पहिला अंथरुणाचा. 2007 च्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस पलंगावर ठेवलं, तेवढ्यात पायांचे सुमारे एक किलो स्नायू गेले. आपल्या वॉर्डात न्यूमोनियाने किंवा खुब्याच्या हाडासाठी दाखल झालेला माणूस निरोगीही नसतो. दुसऱ्या दिवशी त्याला उठवून बसवणं, उभं करणं हा उपचाराचाच भाग आहे. नातेवाइकांच्या "आराम करू द्या" पुढे आपण नमायचं नाही. दुसरा धोका नवा आहे. वजन उतरवणारी इंजेक्शनं 2025 मध्ये भारतात आली आणि आता तालुक्याच्या ठिकाणीही त्यांची विचारणा होते. औषधं प्रभावी आहेत, पण उतरलेल्या वजनात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त चरबीविरहित भाग असतो. सत्तरीच्या माणसाला प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम न देता नुसतं इंजेक्शन देणं मला गैर वाटतं, आणि मी ते या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो.

मग मोजायचं काय? आशियाई तज्ज्ञगटाने 2019 मध्ये सोपे निकष दिले. हातांची पकड पुरुषांत 28 किलोपेक्षा, स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी. छातीवर हातांची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला 12 सेकंद किंवा जास्त. पोटरीचा घेरही मोजतात, पण स्थूल माणसात तो चरबीमुळे फसवतो; म्हणून आपण ताकदीवर भर द्यावा. खुर्चीच्या चाचणीला एक खुर्ची आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा आरोग्य-पाहणीचा फॉर्म भरतात. त्यात टेपने कंबर मोजतात; साठीपुढच्यांना उभं राहताना तोल जातो का, हेही विचारतात. त्या प्रश्नानंतर खुर्चीवरच्या पाच उठबशा घ्याव्यात, एवढीच माझी मागणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ही चाचणी एका दुपारी शिकवावी. लोणी आणि विळद घाटातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांनी आपले इंटर्न दर आठवड्याला दोन गावांत पाठवावेत. जामखेडने निरक्षर बायकांना आरोग्यसेविका करून दाखवलं, त्याच वाटेने गावातली एखादी मावशी ही तालीम चालवायला तयार करावी. आणि इथे बसलेल्या प्रत्येक डॉक्टरला माझी विनंती आहे, की सोमवारपासून साठीपुढच्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर वजनाच्या रकान्याशेजारी पाच उठबशांना लागलेले सेकंद लिहा. वर्षभराने याच परिषदेत आपण ते आकडे घेऊन एकत्र बसू.