आजीचं गाणं आणि माझा डावा हात
(नाशिक येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. पियानो शिकवणाऱ्या बाईला बोलायला तेवढी फार होतात, म्हणून एकच गोष्ट सांगते.

गेल्या पावसाळ्यात मी दर शनिवारी पेठकडच्या वसतिगृहात गाणं शिकवायला जात होते. सातवीतल्या एका कोकणा मुलीने आजीचं लग्नातलं गाणं म्हटलं. चाल अवघ्या चार-पाच सुरांत फिरणारी, पण इतकी गोड की मी लगेच की-बोर्डवर बसले आणि उपासनेतल्या गीतांना देतो तशा भरगच्च कॉर्ड्‌स खाली दिल्या. तिचा एक सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडत होता, तो मी सरळ केला. मुलगी दोन ओळी गायली आणि थांबली. म्हणाली, "बाई, हे आजीचं नाही."

परतताना सावळ घाटात एसटी हळू चालली होती आणि माझ्या डोक्यात तेवढंच वाक्य.

हंगेरीचा बेला बार्टोक तुमच्यापैकी पियानो शिकलेल्यांना माहीत असेल. १९०४ साली त्याने लिदी दोशा नावाच्या एका तरुण दाईला गाताना ऐकलं आणि ते गाणं लिहून घेतलं. मग मेणाच्या नळ्यांचा फोनोग्राफ घेऊन तो खेडोपाडी हिंडला. १९०८-०९ मध्ये त्याने लहान मुलांसाठी पियानोचे तुकडे रचले, ते हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीतांवर. १९१५ च्या त्याच्या 'रुमानियन लोकनृत्यां'तला तिसरा तुकडा मी कितीदा शिकवला असेन! त्यात वर पाव्यासारखी धून चालते आणि डावा हात खाली जोडस्वर धरून बसतो. शिकवत होते, पण तो हात तसा का बसलाय हे कधी मनात आलं नव्हतं.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. रेव्हरंड टिळक नाशकात राहिले, लक्ष्मीबाई इथल्याच जलालपूरच्या. इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीतं म्हणणाऱ्या मंडळीला टिळकांनी अभंग-ओवी दिली. आणि त्या अभंगांखाली मी तीस वर्षं इंग्रजी कॉर्ड्‌स ठोकत आले.

पुढच्या शनिवारी मी मुलीला विचारलं, आजीकडे गाण्याला साथ कशाची असते? लग्नात नुसते आवाज, ती म्हणाली. पण कथा लावतात तेव्हा थाळी असते. कांशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी चिकटवायची आणि ती बोटांनी वरून खाली ओढत राहायची. एकच घुमणारा सूर निघतो, त्यावर रात्र-रात्र कथा चालते. मी डाव्या हाताने खालचा सा आणि पंचम धरला, पेडल दाबलं आणि उजवा हात मांडीवर ठेवला. मधला तो सूर पियानोत नाहीच, तो तिनेच गायचा. या वेळी ती शेवटपर्यंत गायली. मग म्हणाली, "आता थोडं आहे." थोडंच, बरं का!

आजी आता थकली आहे. कथा पूर्वी पहाटेपर्यंत पुरायची, हल्ली मध्यरात्रीच आवाज बसतो. म्हणून भाताची कापणी आटोपली की आम्ही दोघी रेकॉर्डर घेऊन तिच्या पाड्यावर जाणार आहोत. शब्द मुलगी लिहून घेईल, माझी कोकणी कच्ची आहे. आजीने एकच अट घातली आहे: आधी जेवायचं, मग गाणं.