बी.एड. की डी.एल.एड.? आधी वर्ग ठरवा



खुर्सीपारच्या, भिलाईच्या घराघरांतून
शिक्षक व्हायची स्वप्नं पाहणाऱ्या मुलामुलींनो,
आजची माहिती खास तुमच्यासाठी.

अर्ज भरण्याआधी एक गोष्ट ठरवा.
तुम्हाला कोणत्या वर्गाला शिकवायचंय?

पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवायचंय?
मग डी.एल.एड. हा अभ्यासक्रम करा.
बारावीनंतर तो करता येतो.

मोठ्या वर्गांना शिकवायचंय?
मग बी.एड. करा.
त्यासाठी आधी पदवी लागते.

दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे.
पण एक दुसऱ्याची जागा घेत नाही.
2023 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं:
प्राथमिक शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता नाही.
त्यानंतर छत्तीसगढमध्ये बी.एड. झालेल्या अनेक प्राथमिक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.
म्हणून पुन्हा सांगते, आधी वर्ग ठरवा.

आता प्रवेशाचं बघू.
छत्तीसगढमध्ये दोन्हींसाठी व्यापम या परीक्षा मंडळाची प्रवेश परीक्षा असते.
प्री बी.एड. आणि प्री डी.एल.एड.
त्यात बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, शिकवण्याचा कल,
हिंदी आणि इंग्रजी यांवर प्रश्न येतात.
घरी मराठी बोलणाऱ्यांनो,
हिंदी व्याकरणाला रोज थोडा वेळ द्या.

निकालानंतर काउन्सेलिंग होतं.
तिथे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो.
गुणपत्रिका, जातीचा दाखला, रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेवा.
सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना, तेही तपासा.

मित्रांनो, लहान मुलांसाठी डी.एल.एड.,
मोठ्यांसाठी बी.एड.
आधी वर्ग ठरवा, मगच अर्ज भरा.